विज्ञानपेटी क्रमांक सतरा

प्रति,
मा. योजना अधिकारी (बालविज्ञान),
सार्वजनिक ग्रंथालय विभाग,
मुख्य कार्यालय, तिसरा मजला.

विषय : ग्रंथालयातील मुलांच्या विज्ञानपेट्या परत न मागवता दुसऱ्या वर्षाचे अनुदान मंजूर करण्याबाबत, आणि येत्या शनिवारी दोनशे मुलांना वरच्या हॉलमध्ये न बसवण्याबाबत.

संदर्भ : १) पेट्या परत मागवणारे आपले पत्र.
२) शनिवारच्या कार्यक्रमाचे आपले त्याच तारखेचे दुसरे पत्र.
३) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. (ते सध्या कुठे आहेत हे परिच्छेद ७ मध्ये लिहिले आहे.)

महोदय,

१. मी या ग्रंथालयात चौदा वर्षे ग्रंथपाल आहे. हाताखाली एक शिपाई. खाली वाचनकक्ष आहे, तिथे बहुतेक निवृत्त मंडळी वर्तमानपत्रे वाचतात. वरच्या मजल्यावर मुलांचा हॉल आणि हॉलला लागून एक मोठी खोली. ही अभिलेख खोली कागदोपत्री आमची असली तरी तिची वहिवाट आपल्या विभागाची आहे. निकाली निघालेल्या फायलींचे गठ्ठे दर तिमाहीस तिथे येतात आणि परत कधी जात नाहीत. गठ्ठे आता छताला लागले आहेत. याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. छत गळाले तेव्हा बादली ठेवली, पंखा बंद पडला तेव्हा खिडकी उघडली. माझा आवाज मुळात लहान आहे. शाळेत हजेरी घेताना मी "हजर" म्हटलेले बाईंना ऐकू जात नसे आणि वर्षाअखेर माझी अनुपस्थिती सर्वांत जास्त निघत असे. तेव्हा या अर्जातली भाषा कुठे चढली असेल तर ती सवय नसल्यामुळे चढली, असे समजून क्षमा व्हावी.

२. गेल्या वर्षी आपल्या योजनेतून, प्रायोगिक तत्त्वावर, केवळ आमच्या ग्रंथालयास तीस विज्ञानपेट्या मिळाल्या. प्रत्येक पेटीत भिंग, लोहचुंबक, तापमापक, थांबते घड्याळ (स्टॉपवॉच), मोजपट्टी, ओळंबा, उताराची फळी, काचेची एक गोटी आणि नोंदवही. पेटी पुस्तकासारखी आठ दिवस घरी न्यायची, करून पाहायचे, लिहून आणायचे. पहिल्या आठवड्यात मुलांची रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत गेली. ज्या घरांत पुस्तक शिरत नव्हते तिथे पेटी शिरली. एका मुलाने लोहचुंबक मोडून आणला आणि सोबत चिठ्ठी जोडली : "आता दोन झाले आहेत, दोन्ही चालतात." मी दोन्ही जमा करून घेतले. एवढ्या वर्षांत मुलांना इतके प्रामाणिक झालेले मी पाहिले नव्हते. कारण साधे आहे. नोंदवहीत जे दिसले तेच लिहायचे असते. हा एक प्रकारचा नेमच आहे, आणि नेम म्हणजे काय ते मला थोडेफार कळते.

३. पेट्या येऊन तीन आठवडे झाले असतील. समोरच्या शिंप्याची अकरा वर्षांची मुलगी आमची नेहमीची वाचक आहे. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणतात. तिने पेटी क्रमांक सतरा घेतली होती. वरच्या हॉलमध्ये ती उताराची फळी लावत होती, तेवढ्यात गोटी तिच्या हातून फरशीवर पडली आणि थांबेना. हॉलच्या दारापासून निघाली ती सरळ अभिलेख खोलीच्या दिशेने गेली आणि खोलीच्या उंबऱ्याला टक्कर देऊन थांबली. टाचणीने ती परत आणून पुन्हा ठेवली. ठेवली, ढकलली नाही, हे तिने नोंदवहीत दोनदा लिहिले आहे. गोटी पुन्हा तिकडेच गेली. थांबत्या घड्याळाने वेळ घेतला : बावीस सेकंद. तिने मला वर बोलावून विचारले, "मावशी, फळी तर मी लावलीच नाही. मग उतार कुठून आला?" मी तिला म्हटले, जुनी फरशी आहे, बाळ. आठ दिवसांनी तीच गोटी, तीच जागा : एकोणीस सेकंद. महिन्याने : चौदा. मी पहिला अर्ज तेव्हा केला. त्याची पोच जोडली आहे.

४. त्याच काळात अभिलेख खोलीचे दार लागेनासे झाले. शिपायाने वरच्या कडेला रंधा मारला. तीन आठवड्यांत पुन्हा अडले, पुन्हा मारला. तिसऱ्या वेळी तो रंधा खाली ठेवून म्हणाला, "ताई, दार वाढत नाहीये. चौकट खाली येतीये." त्यावर मी त्याला असे भलतेसलते बोलू नकोस म्हणून गप्प केले. हीही माझी चूक लिहून ठेवते, कारण पुढे जी मोठी चूक झाली तिची सुरुवात अशाच लहान गप्प करण्यांतून झाली.

५. टाचणीने मात्र गप्प बसायचे नाकारले. पेट्यांबरोबर आपण जी पुस्तिका पाठवली आहे, तिच्यातील प्रयोग क्रमांक नऊ असा : "ओळंबा वापरून आपल्या परिसरातील एखादी इमारत तपासून पाहा." तिने खालच्या वाचनकक्षात, अभिलेख खोलीच्या बरोबर खाली जी तुळई आहे, तिच्यावरून ओळंबा सोडला. टोक आणि जमीन यांत अठरा मिलिमीटर अंतर ठेवले. पुढच्या सोमवारी सतरा होते. मी तिला सांगितले की दोरा ताणला गेला असेल. ती म्हणाली, "मग आपण दुसरा टांगू. तोच दोरा, तेवढंच वजन, तेवढंच अंतर, पण कक्षाच्या दुसऱ्या टोकाला. दोरा ताणला जात असेल तर दोन्ही उतरतील. नाही तर एकच." आणि पेटी क्रमांक अठरातला ओळंबा तिने मुलांच्या हॉलखालच्या तुळईवरून सोडला. महोदय, मी पदवीधर आहे, पण हे मला सुचले नसते. नोंदी सोबत जोडल्या आहेत. दुसरा ओळंबा आठवड्यामागून आठवडे अठरावरच राहिला. पहिला पंधरा, बारा, नऊ, पाच असा उतरत गेला आणि दोन महिन्यांपूर्वी एका सोमवारी त्याचे टोक जमिनीला टेकले. आता त्याचा दोरा सैल आहे. दुसरा अर्ज नऊ मिलिमीटरला केला होता, तिसरा टोक टेकले त्या दिवशी.

आमच्याकडे एक निवृत्त गवंडी रोज वर्तमानपत्र वाचायला येतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. माझ्या आधीपासून ते त्या पहिल्या तुळईखालच्या एकाच खुर्चीवर बसत आले आहेत, इतके की दुसरे कोणी तिथे बसले तर उभे राहून खाकरत. टोक टेकल्यानंतर त्यांनी काही न बोलता खुर्ची उचलली आणि बाहेरच्या दाराशी नेली. मी विचारले तर म्हणाले, "इथं उजेड बरा आहे, ताई." थोड्या वेळाने वर्तमानपत्र खाली न करताच म्हणाले, "आणि तुळई करकरतीये. तुम्ही आपल्या शांत, म्हणून तुम्हाला तरी ऐकू यायला हवं होतं."

६. आता जी गोष्ट लिहायची आहे ती लिहिणे सोपे नाही, तरी लिहिते.

माझे तीन नेम आहेत. ते कशासाठी घेतले हा या अर्जाचा विषय नाही. दिवसातून एकदा जेवणे, हा पहिला. सकाळी उठल्यापासून अकरा वाजेपर्यंत मौन, हा दुसरा. आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर, दिवसभरात आपल्या हातून जे चुकले ते देवापुढे मोठ्याने बोलून दाखवणे, हा तिसरा. ग्रंथालय दहाला उघडते. पहिला एक तास मी खुणेने काम करते. वाचकांना सवय आहे. ग्रंथालयात गप्प बसलेल्या बाईचे कुणालाही नवल वाटत नाही.

माझ्या तिसऱ्या अर्जावरून कनिष्ठ अभियंता साहेब पाहणीस आले ते सकाळी सव्वादहा वाजता. शिपाई वर्तमानपत्रे आणायला गेला होता. मुले शाळेत होती. मिस्त्री यायचे होते. अभियंता साहेब दारातूनच म्हणाले, "बाई, तुमचाच अर्ज ना? बोला, काय तक्रार आहे?" मी हात जोडले. थोडे थांबावे, अकरा वाजू द्यावेत, अशी ती विनंती होती. त्यांनीही हात जोडले. मी ओळंब्याकडे बोट केले. ते म्हणाले, "वा, मुलांची खेळणी छान आहेत." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केले. त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिले आणि म्हणाले, "हो हो, मलाही अजून दोन ठिकाणी जायचंय." ते वर गेले, हॉलच्या दारातून आत पाहिले आणि खाली आले. नेमक्या वेळा मला ठाऊक आहेत, कारण मी घड्याळावरून नजर काढली नव्हती. दहा पस्तीसला ते निघाले. मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेले. माझ्या तोंडात पूर्ण वाक्य तयार होते.

आपण विचाराल की कागदावर का लिहून दिले नाही. मौनात लिहून बोलणे ही पळवाट आहे असे मी मानत आले. नेम घेतला तेव्हा असे काही होईल असे वाटले नव्हते. बोलले असते तर एक नेम मोडला असता, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करता आला असता. तेवढेही मला जमले नाही. त्या संध्याकाळी दिव्यापुढे मी हे बोलून दाखवले आणि मन हलके झाले. ते हलके व्हायला नको होते. मला वाटले, साहेबांनी डोळ्यांनी पाहिले आहे, आता होईल काहीतरी. मी दोन महिने वाट पाहत बसले.

७. गेल्या गुरुवारी आपल्या कार्यालयातून दहा गठ्ठे आले. हमाल ते जिन्यावरून नेत असताना एकाची दोरी सुटली आणि कागद पायऱ्यांवर पसरले. गोळा करताना मला माझे अक्षर दिसले. माझे तिन्ही अर्ज त्या फायलीत होते. वर कनिष्ठ अभियंता साहेबांचा अहवाल होता. तो चार ओळींचा आहे, त्यातल्या दोन अशा : "प्रत्यक्ष पाहणी केली. ग्रंथपाल यांची आता कोणतीही तक्रार नसल्याचे त्यांनी हात जोडून सूचित केले." खाली आपली सही, "निकाली", आणि फाईल अभिलेखात पाठवावी असा शेरा.

म्हणजे महोदय, ती खोली भाराने खचते आहे म्हणून मी केलेले अर्ज त्याच खोलीत ठेवण्यासाठी पाठवले गेले. हमालाने माझ्या हातातून कागद घेतले, गठ्ठा पुन्हा बांधला आणि वर नेऊन रचला. मी त्याला अडवले नाही. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मौन सुटले होते. तरीही मी काही बोलले नाही. हे माझ्या कुठल्या नेमात बसत होते ते मला अजून कळलेले नाही.

शुक्रवारी टाचणीने दुसरा ओळंबा मोजला. पंधरा. जो हलू नये म्हणून टांगला होता, तो हलला.

८. त्या संध्याकाळी मी दिव्यापुढे पुन्हा सगळे बोलून दाखवले, जिन्यावरच्या कागदांसह. माझ्या सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. त्या शेजारच्या खोलीत अंथरुणावर असतात आणि माझा तिसरा नेम रोज ऐकतात. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी मध्ये तोंड घातले नव्हते. त्या दिवशी आतून म्हणाल्या, "देवाला काय सांगतेस? त्याला त्या घराचा वासा न वासा ठाऊक आहे. साहेबाला सांग." मी म्हटले, तीनदा सांगितले आहे. त्यावर म्हणाल्या, "लिहिलंस. सांगितलं कुठे? तुझं मौन देवापेक्षा साहेबांच्याच जास्त सोयीचं निघालं बघ." दिव्यात तेल घालायला उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "किती पोरं येणार आहेत म्हणालीस शनिवारी?" मी आकडा सांगितला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

९. आता आपल्या दोन पत्रांविषयी.

पहिल्या पत्रात म्हटले आहे की मुलांनी विज्ञानपेट्यांचा वापर शासकीय इमारतीचे मोजमाप करण्यासाठी केल्याचे निदर्शनास आले असून हा वापर योजनेच्या उद्देशाबाहेरचा आहे, सबब सर्व पेट्या पंधरा दिवसांत परत कराव्यात. तसेच, पेट्यांतील साधने ही खेळणी असल्याने त्यांच्या आधारे काढलेले निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत. याविषयी नम्रपणे निवेदन की, पेट्यांसोबत आलेल्या प्रमाणपत्रात, आपल्याच सहीने, "सर्व साधने अचूक व प्रमाणित" असे लिहिले आहे. तो कागद जोडला आहे. ओळंबा मुलांच्या हातात दिला तेव्हा अचूक होता आणि मुलांनी तो टांगल्यावर खेळणे झाला, असे कसे होईल हे मला टाचणीला समजावून सांगता आले नाही. आणि उद्देशाबाहेरचा म्हणावा, तर "आपल्या परिसरातील एखादी इमारत" असे पुस्तिकेत छापले आहे. ग्रंथालय हाच या मुलांचा परिसर आहे. पुस्तिकेत अमुक इमारत सोडून, असे कुठे लिहिलेले नाही. मी तीनदा वाचली.

दुसऱ्या पत्रात म्हटले आहे की दुसऱ्या वर्षाचे अनुदान मिळण्यासाठी योजनेचा लाभ दिसून येणे आवश्यक आहे. सबब शनिवारी सकाळी साडेदहा वाजता किमान दोनशे मुले वरच्या हॉलमध्ये पेट्यांसह बसवावीत, पाहुणे येतील, छायाचित्रे घेतली जातील. त्याच पत्रात शेवटी असेही आहे की पाहुणे मुख्य कार्यालयालाही भेट देणार असल्याने तेथील चाळीस गठ्ठे शुक्रवारी आमच्याकडे हलवण्यात येतील.

एका पत्रात पेट्या परत करा, दुसऱ्यात पेट्यांसह बसवा. यावर हसू यायला हवे होते. शिपाई हसलाही. मी मनात बेरीज करत होते. शुक्रवारी चाळीस गठ्ठे. शनिवारी दोनशे मुले. आणि छायाचित्र नीट यावे म्हणून सगळी एका बाजूला सरकतील, ती खिडकीच्या उजेडाकडे. खिडकी अभिलेख खोलीच्या बाजूला आहे.

१०. आपल्या विभागाच्या अशा अभिलेख खोल्या एकूण अकरा ग्रंथालयांत वरच्या मजल्यावर आहेत. सर्व ठिकाणी शेजारी मुलांचा हॉल आहे. दुसऱ्या वर्षाच्या पेट्या या उरलेल्या दहा ग्रंथालयांना मिळायच्या आहेत. अनुदान थांबले तर मिळणार नाहीत. काल दुपारी मी नदीपलीकडच्या ग्रंथपालांना फोन केला आणि विचारले, तुमच्या वरच्या हॉलमध्ये फरशीवर एखादी गोटी ठेवून पाहाल का? ते हसले. म्हणाले, "आमच्याकडे कुठली गोटी, ताई? तुम्ही नशीबवान, तुम्हाला पेट्या मिळाल्या." मग फोन ठेवता ठेवता सहज म्हणाले, "गोटीचं माहीत नाही. त्या खोलीचं दार मात्र गेल्या वर्षापासून लागत नाही."

त्यांच्याकडे दर रविवारी सत्तर मुले गोष्टी ऐकायला बसतात.

११. तरी विनंती की :

(अ) शनिवारचा कार्यक्रम वरच्या हॉलमध्ये, किंबहुना या इमारतीत, घेऊ नये. समोरच्या शाळेचे पटांगण मोकळे आहे. मुख्याध्यापिका बाईंनी तोंडी होकार दिला आहे.

(आ) शुक्रवारचे चाळीस गठ्ठे पाठवू नयेत. वर आहेत ते हलवण्यासाठी जाणकार माणसे पाठवावीत. ते कुठल्या क्रमाने काढायचे, हे मिस्त्री सांगायला तयार आहेत. मानधन नको म्हणतात, फक्त त्यांची खुर्ची पुन्हा जागेवर जावी एवढेच.

(इ) विज्ञानपेट्या परत मागवू नयेत. योजनेचा लाभ दिसून यायला हवा असे आपण लिहिता. तीस पेट्यांनी दहा महिन्यांत जे दाखवले ते या विभागाला एवढ्या वर्षांत दिसले नव्हते. याहून मोठा लाभ छायाचित्रात मावेल असे मला वाटत नाही.

(ई) दुसऱ्या वर्षाचे अनुदान तातडीने मंजूर करून पेट्या प्रथम त्या दहा ग्रंथालयांना द्याव्यात. सगळ्या पेट्यांना वेळ लागणार असेल तर आधी प्रत्येकी एक गोटी आणि दोन ओळंबे तरी द्यावेत. आणि दोनच द्यावेत. एक दिला तर दोरा ताणला असे म्हणता येते.

(उ) माझ्या तिसऱ्या अर्जावरील अहवाल माझ्या हात जोडण्यावर आधारलेला आहे. ते हात मी मागे घेते. माझी तक्रार आहे.

(ऊ) एवढे करूनही आपणास शंका वाटल्यास, आपण स्वतः एकदा वरच्या हॉलमध्ये यावे. कार्यक्रम जितका वेळ चालणार आहे तितका वेळ, म्हणजे पाऊण तास, खिडकीपाशी उभे राहावे. आपल्याला एकट्याला उभे करणार नाही. मी शेजारी असेन.

१२. या अर्जाचे उत्तर शुक्रवारपूर्वी येईल अशी मला आशा आहे, पण आशेवर मी दोन महिने घालवून बसले आहे. म्हणून कळवते की वरचा हॉल मी आजपासून बंद केला आहे. त्याच्या दोन किल्ल्यांपैकी एक शिपायाकडून काढून माझ्याजवळ ठेवली आहे. दुसरी या अर्जासोबत आपल्याकडे पाठवत आहे. ते दार उघडायचेच झाले तर आपण आपल्या हाताने उघडावे, दुसऱ्या कोणाला पाठवू नये.

शनिवारची निमंत्रणे आपल्या कार्यालयातून थेट शाळांत गेली आहेत. मुलांच्या घरी बातमी पोचलेली आहे आणि नवे कपडेही निघाले असतील. त्या दोनशे घरांची यादी माझ्याकडे वाचक नोंदवहीत आहे. उद्यापासून मी दारोदार जाऊन सांगणार आहे. आईबाप कामाला जाण्याआधीच घरी भेटतात, सकाळी सहा ते नऊ. माझे मौन नेमके त्याच वेळचे आहे. सतरा वर्षांत ते एकदाही मोडले नव्हते, तापातही नाही, सासऱ्यांच्या शेवटच्या सकाळीही नाही. ते मी सोडत आहे. याचा हिशेब ज्याच्याशी करायचा त्याच्याशी मी करीन. आपल्याला कळवण्याचे कारण इतकेच की शनिवारी सकाळी साडेदहाला आपण किंवा आपले पाहुणे आलात, तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी बसलेली असेन, आणि या वेळी कोणी काय तक्रार आहे असे विचारले तर त्याला उत्तर मिळेल.

आजवर गप्प राहिलेली, आता न राहणारी,
आपली नम्र,
ग्रंथपाल

दिनांक : ९, मंगळवार

सोबत :
१) पूर्वीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या.
२) पेटी क्रमांक सतरा व अठरा यांच्या नोंदवह्या. (मूळ. प्रत काढायला वेळ नाही. टाचणीला परत हव्या आहेत.)
३) साधने अचूक असल्याचे आपल्या सहीचे प्रमाणपत्र.
४) पुस्तिका, प्रयोग क्रमांक नऊचे पान दुमडलेले.
५) दाराच्या रंध्याचा भुसा, तिन्ही वेळचा, तीन पुड्यांत.
६) वरच्या हॉलची किल्ली, एक.
७) काचेची गोटी, एक. ही आपण आपल्या कार्यालयाच्या फरशीवर ठेवून पाहावी. ती जागची हलू नये, अशी मी प्रार्थना करते.

ता. क. अर्ज पाकिटात घालत होते तेवढ्यात टाचणी वर्दी द्यायला आली. दुसरा ओळंबा आज सकाळी अकरा मिलिमीटरवर होता. आता दुपारचे चार वाजले आहेत आणि तो सहावर आहे. तिने तीनदा मोजले, चौथ्यांदा मी. वाचनकक्षातल्या सगळ्यांना बाहेर काढले आहे. मी "उठा" म्हटले ते रस्त्यापलीकडे ऐकू गेले असे शिंपी सांगतो. हे शेवटचे त्याच्याच दुकानात बसून लिहिते आहे. समोर ग्रंथालयाचे दार दिसते, त्याच्या बाहेर मिस्त्री खुर्ची टाकून बसले आहेत आणि कोणाला आत जाऊ देत नाहीत. मी उद्या सकाळची वाट पाहणार नाही, दारोदार आत्ताच निघते. त्यामुळे हा अर्ज शिपाई आणून देईल. प्रत्येक अर्जाची पोच मी आजवर जपून ठेवली. या अर्जाची पोच नको.